आई-आप्पांना घेऊन छोट्या विमानाने सात दिवस: सकाळींचा हिशोब

चोपड्याकडच्या एका भावाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्याकडे पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचं लायसन आहे, लॉगबुकात उड्डाणाचे ९६ तास आहेत आणि मित्राच्या मालकीचं सेसना १७२ एस हे एका इंजिनाचं, चार जागांचं विमान मे महिन्यात सात दिवस वापरायला मिळणार आहे. वडील, म्हणजे आप्पा, ६८ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आई-आप्पांना घेऊन जळगाव, इंदूर, उदयपूर, भूज, दीव, सुरत आणि शेवटी तापीच्या काठाने परत जळगाव असा फेरा मारायचा आहे. चौथी जागा रिकामी राहते म्हणून धाकट्या भावालाही न्यायचा विचार आहे. ते विचारतात, एका टाकीत हे विमान कुठवर जातं, आणि हा फेरा सात दिवसांत बसेल का?

मी पिंपळनेरचा. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर उडायला शिकलो आणि पुढे वीसेक वर्षं शिकवलं. लायसन झाल्यावर आई-वडिलांना विमानातून दूर कुठेतरी न्यायचं म्हणणारी मुलं मी खूप पाहिली, प्रत्यक्ष निघालेली फार थोडी. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

विमान जाईल, त्याची काळजी करू नका. तुमचा फेरा साधारण १,७५० किलोमीटरचा भरतो. १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर वेग धरला तर साडेनऊ तासांचं उड्डाण. सात दिवसांत साडेनऊ तास म्हणजे रोज दीड ताससुद्धा नाही. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की पुढचं काही विचारावंसंच वाटत नाही. पण या आकड्यावर मी कधी निर्णय घेत नाही. हातात किती सकाळी येतात, ते मी मोजतो.

आपल्याकडे व्हीएफआर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघून करायचं उड्डाण सूर्योदय ते सूर्यास्त एवढंच करता येतं, हा झाला नियम. घरची वडीलधारी माणसं सोबत असतील तर दिवस त्याहून खूप लहान होतो. साडेदहाच्या पुढे काळी जमीन तापते, गरम हवेचे लोट वर यायला लागतात आणि छोटं विमान बैलगाडीसारखं हिंदकळतं. तुम्हाला त्याची सवय आहे, आईंना नाही. सकाळचा पहिला तासही तुमच्या हातात असतोच असं नाही. विमानतळाचा टॉवर किती वाजता उघडतो ते बघावं लागतं, फ्लाइट प्लॅन किमान तासभर आधी द्यावा लागतो, एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे नंबर हातात आल्याशिवाय निघता येत नाही. मोठ्या विमानतळावर गेटपासून विमानापर्यंत पोहोचायलाच पाऊण तास गेलेला मी पाहिला आहे. एका सकाळी एक टप्पा, तोही दोन तासांच्या आतबाहेरचा, एवढंच मी धरतो.

तुमचे टप्पे सहा, म्हणजे सहा सकाळी लागणार आणि हाताशी आहेत सात. माझ्या वहीत बघितलं तर लांबच्या प्रवासात तीन-चार सकाळींमागे एक वाया जातेच. कधी धुकं, कधी धूळ, कधी इंजिनात ठिणगी पाडणारा एखादा मॅग्नेटो नीट चेक देत नाही, कधी इंधन नाही, कधी आईला ताप. एवढ्या फेऱ्याला नऊ-दहा दिवस हवेत. सातच असतील तर फेरा लहान करावा लागेल. तो कसा करायचा ते पुढे सांगतो, आधी महिना बदलू या.

मे नको. जळगाव-भुसावळची उन्हाळी दुपार काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. जळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून आठशे फुटांच्या आसपास आहे, पण ४५ अंशांना हवा इतकी विरळ होते की विमानाला ती साडेचार हजार फुटांवर असल्यासारखी वाटते. धावपट्टी साधारण १,७०० मीटर आहे, ती पुरते. अडचण धावपट्टी सुटल्यावर येते. थंड हवेत समुद्रसपाटीला मिनिटाला सातशे फूट चढणारं १७२ तिथे पाचशेच्या आसपास चढतं, आणि समोर सातपुडा असतो. पहाटे निघालात तर हे निभतं. पण दुपारी परत यायची वेळ आली तर नाही, आणि प्रवासात अशी वेळ येतेच. मेच्या शेवटी वळवाची वादळंही सुरू होतात, मग बांधून ठेवलेल्या विमानाचीही रात्रभर काळजी.

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत जा. पाऊस परतलेला असतो, त्याने हवा धुऊन काढलेली असते, धरणं भरलेली असतात, आणि आप्पांना ती भरलेलीच बघायची असणार. डिसेंबर-जानेवारीत थंडी छान असते, पण नदीकाठची धुकी आणि धुरकट हवा नेमकी सकाळच खाते. व्हीएफआरला १०,००० फुटांखाली पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. पाच किलोमीटर ऐकायला भरपूर वाटतं, पण विमानात ते दीड-पावणेदोन मिनिटांचं अंतर आहे. ९६ तासांच्या अनुभवावर, अनोळखी मुलखात, आई-वडील सोबत असताना आठ किलोमीटरच्या खाली मी तुम्हाला निघू देणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं काही जमत नसेल आणि फेब्रुवारी मिळत असेल तर तोही चालेल.

आता फेरा. भूज आणि दीव या खेपेला सोडा. भूजचा तळ हवाई दलाचा आहे, तिथे खासगी विमान न्यायचं तर परवानगीचं काम आधीपासून हाती घ्यावं लागतं. उदयपूर-भूज एकच टप्पा साडेचारशे किलोमीटरचा होतो. आणि दीवहून सुरतेला सरळ रेघ मारली तर ती खंभातच्या आखातावरून जाते. एका इंजिनाचं विमान, लाइफ जॅकेट नसलेली आई मागच्या सीटवर आणि खाली पाणी, हे मला मान्य नाही. तो प्रवास नंतर स्वतंत्र करा, किनाऱ्याकिनाऱ्याने.

सात दिवसांसाठी मी हा मार्ग सुचवतो: जळगावहून धुळे, साक्री, नंदुरबार करत उकाईच्या जलाशयाच्या वरच्या अंगाने वडोदरा, मग उदयपूर, मग इंदूर, आणि शेवटी खंडवा-बऱ्हाणपूरवरून जळगाव. एकूण बाराशे किलोमीटरच्या आत, साडेसहा तासांचं उड्डाण, चार टप्पे. चार सकाळी उडायच्या, तीन हाताशी राखीव. एकही वाया गेली नाही तर उदयपूरला एक दिवस जास्त राहा.

तुमच्या यादीत तापी शेवटी होती, मी ती पहिली घेतली. त्याला कारण आहे. सुरतेकडून सकाळी जळगावला यायचं म्हणजे पूर्वेकडे तोंड, सूर्य थेट डोळ्यांत आणि समोरची हवा चकाकणारी. त्या उजेडात नदी नुसती पत्र्यासारखी लखलखते, बाकी काही दिसत नाही, आणि समोरून येणारं विमान किंवा घार तर मुळीच नाही. जळगावहून पश्चिमेला निघालात तर सूर्य पाठीशी राहतो आणि खालच्या प्रत्येक टेकडीला सावली असते. शिवाय पहिला टप्पा ओळखीच्या मुलखातला होतो. काही बिनसलंच तर धुळ्याची आणि शिरपूरची धावपट्टी आवाक्यात असते आणि खालची गावं तुम्हाला नावानिशी माहीत असतात.

इंधनाची गोष्टही या लहान फेऱ्यात सोपी होते. १७२ एसच्या टाकीतलं वापरता येणारं इंधन साधारण २०० लिटर. मिक्स्चर, म्हणजे इंधन-हवेचं प्रमाण, नीट ठेवलं तर तासाला ३४-३५ लिटर जळतं. मग एका टाकीत किती, तर हिशोबाने पावणेसहा तास. मी पावणेपाच म्हणतो, कारण शेवटचा एक तास माझ्या लेखी टाकीत नसतोच. नियम दिवसा अर्ध्या तासाच्या राखीव साठ्यावर भागवतो, मी भागवत नाही. साडेसहा तासांच्या फेऱ्यात तुम्हाला वाटेत एकदाच एव्हीगॅस, म्हणजे छोट्या विमानाचं पेट्रोल, भरायचं आहे, आणि ते वडोदरा, उदयपूर, इंदूर यांपैकी दोन ठिकाणी नक्की मिळेल अशी सोय करून ठेवा. एक फसलं तर दुसरं असेल.

नक्की म्हणजे काय, ते मी एकदा चांगलंच शिकलो. दक्षिणेकडच्या एका धावपट्टीवर एका पुरवठादाराने फोनवर सांगितलं होतं, पिंप तयार आहे, या. मी उतरलो तेव्हा ते पिंप आदल्या दिवशी दुसऱ्या कुणी नेलेलं होतं. टाकीत एक तास वीस मिनिटांचं इंधन होतं आणि पुढचा विमानतळ पन्नास मिनिटांवर. सोबतच्या गृहस्थांना दुसऱ्या दिवशी लग्न गाठायचं होतं. जाऊ या की, पुरतंय, असं ते तीनदा म्हणाले. हिशोबाने पुरतही होतं, पण समोरचा वारा पंधरा नॉटने वाढला असता किंवा पुढची धावपट्टी कशाने बंद असती तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आम्ही तिथे दोन दिवस थांबलो. तेव्हापासून मी पैसे आधी भरतो, पिंपाच्या सीलचा फोटो मागवतो आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करतो.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून निघाले, तेव्हा अहमदाबादला त्यांच्यासाठी इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. ती बैलगाडी कुणीतरी आधी सांगून ठेवली होती म्हणून ते त्याच दिवशी मुंबईला पोहोचले. छोट्या विमानाचं गणित अजून तेच आहे. मोठ्या विमानांचं जेट इंधन जवळपास सगळीकडे मिळतं, एव्हीगॅस मोजक्याच ठिकाणी. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये देशातच एव्हीगॅस १००एलएल बनवायला सुरुवात केली, तीही वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत. पण रिफायनरी त्या गावात आहे म्हणून तिथल्या विमानतळावर तुमच्यासाठी टँकर उभा असेल असं समजू नका. इंदूरला फ्लाइंग क्लब आहे, चौकशी तिथून सुरू करा.

पिंपातून भरताना स्वतः उभे राहा. १००एलएल निळसर असतं. रंग निळा नसेल आणि रॉकेलचा वास येत असेल तर हात तिथेच थांबवा. एकाच तळावर दोन्ही इंधनं असतात आणि सगळ्या माणसांना फरक माहीत नसतो. पिंप काही वेळ स्थिर उभं राहू द्या म्हणजे पाणी तळाशी बसतं, पंपाची नळी तळाला टेकवू नका, आणि भरल्यावर थोडं थांबून दोन्ही पंखांतून आणि इंजिनाखालून नमुना काढून उजेडात बघा. दव पडलेल्या प्रत्येक सकाळी हेच पुन्हा.

आता चौथ्या जागेबद्दल, आणि हे धाकट्या भावाला तुम्हीच समजावून सांगा. १७२ एसचं कमाल वजन १,१५७ किलो. मी ज्यावर शिकवायचो त्या विमानाचं रिकामं वजन ७७० भरायचं. तुमच्या विमानाचं वजनपत्रक काढून खरा आकडा घ्या. उरले ३८७. भरलेल्या टाकीचे १४५ गेले की २४२ राहतात. तुम्ही ७५, आप्पा ८०, आई ६० धरल्या तर २१५ झाले. २७ किलोंत तिघांच्या बॅगा, विमान बांधायचे दोर-खुंट्या, एक लिटर ऑइल, पाणी आणि औषधं. चौथा माणूस बसवायचा तर त्याच्या वजनाएवढं इंधन काढावं लागेल, आणि मग वरचा सगळा हिशोब कोसळतो. भावाला रेल्वेने उदयपूरला बोलवा. मित्राकडून विमा पॉलिसीही मागून घ्या आणि त्यात तुमचं नाव, तुमचे तास आणि बाहेरगावी मुक्काम बसतो का ते ओळ न ओळ वाचा.

परतीच्या टप्प्याबद्दल माझा आग्रह आहे. इंदूरहून जळगाव नकाशावर सरळ दक्षिणेला, साधारण १९५ किलोमीटर, तासाभराचं काम. पण ती रेघ यावल-पालच्या बाजूने सातपुड्याच्या अंगावरून येते. चोपड्याचे असल्याने जुलै २०२१ तुम्हाला आठवत असेल. वर्डी शिवारात डोंगरात शिकाऊ विमान पडलं, प्रशिक्षक गेले, आणि जखमी मुलीला गावातल्या माणसांनी झोळी करून खाली आणलं. तिथे रस्ता नाही, सपाट जमीन नाही, बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. इंजिन बंद पडलं तर १७२ दर हजार फुटांना पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. जमिनीपासून तीन हजार फुटांवर असलात तर आठ किलोमीटर. सातपुड्याच्या मधोमध त्या आठ किलोमीटरच्या वर्तुळात शेत सापडत नाही.

त्याऐवजी इंदूरहून ओंकारेश्वर, खंडवा, मग भुसावळकडे येणारी रेल्वेलाइन धरा. बऱ्हाणपूरजवळ सातपुडा खाली बसतो. जुन्या काळी उत्तरेतून दख्खनला उतरणारी फौज याच खिंडीतून यायची आणि तिच्यावर नजर ठेवायला असीरगड उभा आहे. अंतर ५०-५५ किलोमीटरने वाढतं, म्हणजे सतरा-अठरा मिनिटं आणि दहा लिटर इंधन. त्या बदल्यात खाली सतत रूळ, रस्ता आणि शेतं राहतात. आप्पांना नर्मदेवरचा ओंकारेश्वरचा बांध, डोंगरमाथ्यावरचा असीरगड आणि मग उघडत जाणारं तापीचं खोरं बघायला मिळतं. वरणगाव आणि भुसावळला आयुध निर्माणी आहेत. त्यांच्याजवळून जाताना ताजा नकाशा आणि नोटॅम (वैमानिकांसाठी निघणाऱ्या ताज्या सूचना) बघितल्याशिवाय रेघ पक्की करू नका. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात, खूण म्हणून उत्तम, पण तिथून चारी दिशांना उच्चदाबाच्या तारा निघतात.

शेतांबद्दल दोन शब्द, कारण खानदेशात वरून दिसणारी हिरवळ फसवते. रावेर-यावल-सावदा पट्ट्यातली केळीची बाग वरून गालिच्यासारखी मऊ दिसते. प्रत्यक्षात ती माणसाहून उंच, ओल्या, जड खोडांची दाटी असते. तिथे उतरायचं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कपाशी उभी असते, तीही नको. काळी जमीन वरून सुकलेली दिसली तरी पावसाळ्यानंतर आत ओल असते आणि पुढचं चाक रुततं. तापी-गिरणेच्या काठाला घळींनी जमीन फाडलेली आहे, म्हणून नदीच्या अगदी कडेने उडण्यात अर्थ नाही. कापणी झालेलं ज्वारी-बाजरीचं रान, माळावरचं गवताळ पडीत, किंवा तारा नसलेला सरळ डांबरी रस्ता, या क्रमाने मी बघत जातो. दर पाच मिनिटांनी स्वतःशी म्हणायचं: आत्ता बंद पडलं तर ते. बोटाने दाखवता आलं पाहिजे.

आई-आप्पांची तयारी विमानाच्या तयारीइतकीच करा. निघायच्या आठवडाभर आधी त्यांना तासाभराची एक फेरी द्या: जळगावहून हतनूर, चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, मग दक्षिणेला वळून अजिंठ्याजवळ वाघूर नदीचं ते घोड्याच्या नालेसारखं वळण, आणि परत. हतनूरवर उंची राखा. थंडीच्या सुरुवातीला तिथे पाहुणे पक्षी हजारोंनी उतरतात आणि त्यांचे थवे अचानक उठतात. या एका तासात कळेल की कुणाचे कान दुखतात, कुणाला मळमळतं, हेडसेट कुणाच्या चष्म्यावर रुततो. आईंना त्या तासात त्रास झाला तर त्यांना रेल्वेने वडोदऱ्याला पाठवा, त्यात कुणी वाईट वाटून घेऊ नये.

रिकाम्या पोटी उडायचं नाही आणि तेलकटही नको. थोडे पोहे किंवा दशमी पुरते. सर्दी असेल तर तो दिवस सोडा, उतरताना कान फार दुखतात. आप्पांच्या वयाच्या माणसाला दीड तासाने लघवीला जावं लागतं. हे त्यांना संकोचाने बोलता येत नाही, म्हणून तुम्ही आधी बोला आणि रुंद तोंडाची बाटली सोबत ठेवा. मी दोन तासांची मर्यादा घातली त्यात हेही कारण आहे. बीपीच्या गोळ्या बॅगेत नको, हाताशी ठेवा, आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मळमळीची गोळी देऊ नका. फोटोंचं म्हणाल तर खासगी विमानातून हवेतून फोटो काढायला परवानगी लागते. ती आधी मागा, नाही मिळाली तर मोबाइल बॅगेत.

आणखी एक बोलणं घरात बसून, सगळ्यांसमोर झालं पाहिजे: वाटेत एखाद्या सकाळी तुम्ही नाही म्हणालात तर त्यावर चर्चा होणार नाही. हॉटेलं पैसे परत मिळतील अशीच घ्या. ज्या गावी उतरणार तिथून खानदेशात येणारी रेल्वे कोणती ते लिहून ठेवा. वडोदऱ्याहून सुरत, आणि सुरतेहून तापीकाठची लाइन थेट जळगाव-भुसावळला येते. इंदूरहून रस्त्याने खंडव्याला येऊन गाडी मिळते. मी स्वतः विमान बांधून, पिटोला (वेग मोजणाऱ्या नळीला) कव्हर घालून, रेल्वेने घरी आलो आहे आणि चार दिवसांनी जाऊन ते घेऊन आलो आहे. परतीचं तिकीट मनात तयार असलं की खराब हवेत निघायचा मोह पुष्कळ कमी होतो.

तर आतापर्यंतचं थोडक्यात: मेऐवजी ऑक्टोबर-नोव्हेंबर, सहाऐवजी चार टप्पे, तीन राखीव सकाळी, तीनच माणसं, एकदा इंधन पण सोय दोन ठिकाणी, आणि येताना बऱ्हाणपूरची खिंड.

आता पहिल्या टप्प्याबद्दल लिहितो. माझं मन तिथे आहे आणि आप्पांचंही तिथेच रमेल. जळगावहून धुळ्याला या, मग पांझरेच्या दक्षिणेने साक्रीकडे चला. आप्पा उजवीकडे बसतील, म्हणून नदी उजवीकडे ठेवा. जमिनीपासून दोन हजार फूट पुरे, त्याहून खाली नको. धुळ्याच्या पुढे वरच्या अंगाला एकामागून एक जुने दगडी बंधारे दिसू लागतील, आणि प्रत्येक बंधाऱ्याखाली पंख्यासारखा पसरलेला हिरवा तुकडा. हेच फड. आप्पांनी आयुष्यभर पाटाचं काम केलं असेल तर त्यांना फड पद्धत सांगायची गरज नाही. लाभक्षेत्राचे भाग पाडायचे, एका फडात एकच पीक, पाणी उताराने आपोआप, आणि पाळी सांभाळायला गावाचा पाटकरी. शेकडो वर्षं गावांनी हे स्वतः चालवलं. जमिनीवरून फक्त पाट आणि बांध दिसतो. वरून पाणी कुठे अडलं, कुठून वळलं आणि कुठवर पोहोचलं हे सगळं एका नजरेत येतं.

साक्रीच्या पुढे उत्तरेला वळलात की जमिनीवर काळ्या भिंती दिसतील. अगदी सरळ, पूर्व-पश्चिम, एकीमागे एक, काही तर गावामागून गावं ओलांडत मैलोगणती जाणाऱ्या. हे डाइक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर येत होता तेव्हा भेगांमध्ये जो थिजला तो आजूबाजूच्या खडकाहून चिवट निघाला. बाकीचं झिजलं, ह्या रांगा उभ्या राहिल्या. नंदुरबार-धुळ्याकडे त्यांचा असा जमाव आहे की एसटीने जाताना दर थोड्या वेळाने एखादी टेकडी लागते आणि ती भिंत आहे हे कळतच नाही. सकाळी आठच्या सुमाराला त्यांची सावली उत्तरेकडे पडते, तेव्हा त्या सगळ्यात स्पष्ट दिसतात. ब्राह्मणवेलच्या बाजूला पठारावर पवनचक्क्या आहेत. आमच्याकडचा पश्चिमेचा वारा किती जोराचा ते त्या सांगतात. त्यांच्यापासून वर आणि लांब राहा.

नंदुरबारनंतर उकाईच्या पाण्याचा वरचा शेवट दिसला की तिथूनच वायव्येला वळा, धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊ नका. तिच्या पश्चिमेला काक्रापारचं अणुवीज केंद्र आहे आणि अशा केंद्राच्या आसपास आपल्याला काही काम नाही. मर्यादा नकाशावरून घ्या आणि वर आपल्या दहा किलोमीटरची भर घाला. पुढे नर्मदा ओलांडून वडोदरा.

माझ्या वडिलांना मी एकदाच विमानात बसवलं. आमची शेती पांझरेवरच्या एका फडात होती. धुळ्याहून निघाल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते, मला वाटलं घाबरले. पिंपळनेरच्या वर मी डावीकडे कलवायला लागलो तर त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि उजवीकडे बोट दाखवलं. हेडसेटमध्ये आवाज आला, “हाऊ आपला फड शे ना रे?” मी खाली बघितलं तर मला ओळखूच आला नाही. त्यांना बंधाऱ्यावरून, पाटाच्या वळणावरून आणि बांधावरच्या आंब्यावरून कळला होता. आम्ही दोन गिरक्या उजवीकडून घेतल्या.

म्हणून उजवीकडची काच आदल्या संध्याकाळी आतून-बाहेरून पुसून ठेवा. भरपूर पाणी आणि मऊ सुती कापड, बाकी काही नको. पेट्रोलने किंवा घरच्या काचेच्या औषधाने ती काच धुरकट होते. आणि वडोदरा, इंदूरच्या इंधनाचं नक्की झालं की टप्पेवार वेळ, वजन आणि लिटरचा कागद करून मला दाखवा. मी एकदा नजर घालतो.